कालव्यातलं पार्सल

कुडुस, ३१ जुलै

वेनिंग,

वर आशीर्वाद लिहावा की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तू मला मावशीच म्हणत आलीस. मावशीचं पत्र म्हणून वाच.

तुझ्या बाबांचा चाळिसावा दिवस परवा झाला. माणसं बरीच आली. पावसाची भीती होती, पण आला नाही. तांदळाच्या पिठाचे गोड अपेम मी घरीच केले, थोडे कमी पडले. तुझ्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं. बाटम बेटावरून येणं सोपं नाही, रजा मिळत नाही, असं मी सांगितलं. दफनाला तू पोचली नाहीस याचा मनाला त्रास करून घेऊ नकोस. ते सकाळी गेले आणि दुपारच्या नमाजाच्या आत माती झाली. तू येणार तरी कशी होतीस.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही फोनवर बोलायला सुचत नाही. तुझा पत्ता जुन्या वहीत सापडला, म्हणून लिहिते आहे.

एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी, बाबांची सिगारेट सुटावी म्हणून, तू त्यांना व्हेपचं यंत्र पाठवलं होतंस. ‘त्यांनी ते कालव्यात फेकलं, मी काय तान्हं बाळ आहे का प्लास्टिक चोखायला, असं म्हणाले,’ असं मी तुला फोनवर सांगितलं. त्यानंतर तू ईदेपुरताच फोन करायला लागलीस.

ते खरं नव्हतं. त्यांनी फेकलं नाही. त्यांनी ते वापरलं, रोज वापरलं. मी तसं का सांगितलं ते मला नीट लिहिता येणार नाही. त्या आठवड्यात आमच्या सिगारेटच्या कारखान्यातून दोनशे बायका कमी केल्या होत्या आणि आमच्याकडे व्हेपचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. रागाच्या भरात बोलून गेले.

वस्तू घरात आहे. २७ सप्टेंबरला शंभरावा दिवस आहे. ये आणि घेऊन जा. ती तुझ्याकडे असावी असं मला वाटतं.

कस्मिनी


कुडुस, १९ ऑगस्ट

वेनिंग,

तुझा मेसेज मिळाला. पत्र पोचलं हे कळून बरं वाटलं.

तू विचारलंस, रंग कुठला होता आणि मागच्या बाजूला काय कोरलं होतं. रंग काळा. कोरलेलं आता वाचता येत नाही, रोज हाताळून अक्षरं झिजली. त्यांचं नाव असावं. फोटो पाठवला असता, पण फोनचा कॅमेरा बिघडला आहे.

ते कसं वापरायचे तेही लिहिते, म्हणजे तुला समाधान वाटेल. सकाळी लिक्विड भरायचे आणि आतला कापूस नीट भिजावा म्हणून दहा मिनिटं थांबायचे. घाईनं कधी ओढायचे नाहीत. गरम चहा घ्यावा तसं हळूहळू, लांब ओढायचे. व्हॅनिलाचा वास त्यांना आवडायचा. सुरुवातीला खोकला आला, चौथ्या दिवशी थांबला. संध्याकाळी फोनच्या वायरला लावून ठेवायचे.

शंभराव्याला नक्की ये. तिकिटाची अडचण असली तर कळव.

कस्मिनी


कुडुस, १२ सप्टेंबर

वेनिंग,

तुझा दुसरा मेसेज आला त्याला आज बारा दिवस झाले. ‘ते निळं होतं. मागे काहीच कोरलं नव्हतं.’ एवढंच लिहिलं होतंस. मी फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे गेले नाही.

पकडली गेले म्हणून लिहिते आहे. तू विचारलं नसतंस तर हे मी लिहिलं नसतं. ते आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की मला उपरती झाली.

तुझ्या बाबांनी ते यंत्र कधी पाहिलंच नाही. पार्सल आलं तेव्हा ते शेतावर होते. पार्सल आणणाऱ्या पोऱ्यानं माझी सही घेतली. मी उघडलं. वर तुझी चिठ्ठी होती, बाबांसाठी. कसं भरायचं, किती थांबायचं, कसं ओढायचं, सगळं नीट क्रमानं लिहिलं होतंस. कुठलं घ्यावं म्हणून तीन दुकानं फिरलीस, तेही होतं. गेल्या पत्रात मी ‘ते असं करायचे’ म्हणून जे लिहिलं त्यातलं अर्धं तुझंच होतं. तुझ्याच ओळी मी तुला परत पाठवल्या. चिठ्ठी माझ्याजवळ आहे. पार्सलचा कागदही आहे. तुझा पत्ता त्यावरचाच, वहीतला नाही.

यंत्र मी पाहिलंही नाही नीट. त्याच दुपारी कालव्यावर गेले आणि टाकून आले.

कारखान्यातल्या बायकांचं मी लिहिलं ते खोटं नाही, पण ते कारण नव्हतं. सव्वीस वर्षं मी लवंगेच्या सिगारेटी, क्रेतेक, वळल्या, दिवसाला तीन-चार हजार. त्या कोण ओढतं हे मला कधी दिसलं नाही. घरी मात्र रोज सकाळी तुझ्या बाबांच्या बारा मी वेगळ्या वळायचे, लवंग जरा जास्त घालून. ते एक पेटवायचे, दोन झुरके घ्यायचे आणि म्हणायचे, “जमली.” त्यांनी माझ्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हटलं नाही, घराला नाही, मलाही नाही. तुझ्या आईचं सगळं चांगलं होतं, ते मला मान्य आहे. माझं एवढंच होतं. तुझं यंत्र आलं असतं तर तेही गेलं असतं. त्यांना खोकला होता हे मला दिसत होतं. मी शेजारीच झोपायचे.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, त्यानं वाचले असते असं कुणी सांगू शकत नाही, आणि वाचले नसते असंही नाही. 

आता हे दुसरं यंत्र. पहिलं पत्र टाकलं तेव्हा घरात काहीच नव्हतं. शंभराव्याला तुझ्या हातात द्यायला काहीतरी आणायला हवं होतं, म्हणून मी सरमीकडे गेले. सरमी तुला आठवत असेल. अकरा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मी वळायचे, ती कात्रीनं टोकं कापायची. त्या दोनशेंत तीही गेली. आता घराच्या ओसरीवर काचेचं कपाट मांडून व्हेप विकते. तिनं ते सुरू केलं तेव्हापासून आम्ही बायका तिच्याशी बोलत नव्हतो. मीही नाही.

इद्दत चालू आहे, विधवेनं चार महिने दहा दिवस कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. मी बाजाराची पिशवी घेऊन गेले.

ती म्हणाली, “या, या. वाट चुकलात की काय? कांदे पलीकडे मिळतात.”

मी म्हणाले, “पहिल्यांदा वापरणाऱ्यासाठी एक हवं होतं.”

“कुणासाठी?”

“साठीचा माणूस आहे. दिवसाला बारा क्रेतेक ओढतो.”

सरमी जनाजाला आली होती. मागच्या दारी बसून तिनं फुलांच्या माळा केल्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाट उघडलं.

“मग हा मोठा डबा नको,” ती म्हणाली. “हा वाफेचे ढग काढायला. पोरं घेतात, पोरींसमोर मिरवायला. त्यांना काय ढग काढायचेत?”

“नाही.”

“ओढ कशी आहे? तोंडात घोळवून घेतात की सरळ छातीत?”

“आधी तोंडात. मग थांबतात. मग आत.”

“मग हा छोटा पॉड द्या त्यांना. ओढ घट्ट आहे, क्रेतेकसारखी. बटण नाही, ओढलं की चालू. म्हाताऱ्यांना बटणाचा वैताग येतो. हात थरथरतात का?”

“सकाळी थोडे.”

“मग वरून भरायचा बघू, म्हणजे सांडणार नाही. बारा क्रेतेकवाल्याला लिक्विड कडकच लागेल, हलकं दिलं तर दोन दिवसांत फेकून देतील आणि मला शिव्या घालतील. शिव्या घालतात का हो?”

“घालत नाहीत. गप्प बसतात.”

“ते जास्त वाईट,” सरमी म्हणाली.

असं अर्धा तास चाललं. तिनं मला एकदाही अडवलं नाही. मी ‘आहे’, ‘ओढतो’, ‘थांबतात’ असं, ते जिवंत असल्यासारखंच बोलत होते आणि तीही तसंच बोलत होती. वेनिंग, तीन दुकानं फिरून तू हेच प्रश्न ऐकले असशील, आणि तेव्हा त्यांची उत्तरं खरी होती. काळा पॉड आणि व्हॅनिलाची बाटली घेतली. तुझ्या पार्सलातल्या बाटलीवर केकचं चित्र होतं एवढं आठवत होतं.

घरी आणल्यावर तो फार नवा दिसायला लागला. दोन वर्षं वापरलेला वाटेना. पाट्यावर घासला. किल्ल्यांबरोबर खिशात ठेवला. तरी तोंडाकडची बाजू कोरी दिसत होती, म्हणून ओढायला लागले. न्हाणीघरामागे उभी राहून, दुपारी. पहिल्यांदा भरल्या भरल्या ओढला, दहा मिनिटं थांबले नाही, आणि जळक्या कापसाची चव दिवसभर तोंडातून गेली नाही. मग तुझी चिठ्ठी काढून वाचली आणि तसं केलं. चौथ्या दिवशी खोकला थांबला. अवघड काही नव्हतं. हेच लिहिताना मला सगळ्यात लाज वाटते. मी मनाशी म्हणत आले होते की त्यांना ते जमलंच नसतं. त्यांना सहज जमलं असतं.

आणखी एक सांगायचं तर, सव्वीस वर्षं तंबाखूत हात घालून मी कधी एक झुरका घेतला नव्हता. आता दुपार झाली की हात खिशाकडे जातो. तोंडाकडची बाजू केव्हाच पिवळी झाली आहे. तरी जातो.

मागच्या गुरुवारी आमच्याकडे बायकांचं कुराणातल्या यासीनचं पठण होतं. ओढणीला वास राहिला होता हे मला कळलं नाही. पठण संपलं, चहा फिरला, आणि रुकायाह वहिनी नाक वर करून म्हणाल्या, “गोड गोड वास येतोय. कुणी काय लावलंय गं?”

त्या एकेकीजवळ झुकत झुकत माझ्यापर्यंत आल्या.

“कस्मिनी, तुम्ही?”

विधवेनं इद्दतीत अत्तर लावायचं नाही हे तिथल्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर व्हेप म्हणावं लागलं असतं, आणि मग का, कुणासाठी, कुठून. मी म्हणाले, “अत्तर आहे. चुकून लागलं.”

“चुकून बाटली उघडते होय?” कोपऱ्यातून एकजण म्हणाली. “नव्वद दिवस नाही झाले अजून.”

“कुणी मागणी घातली असेल,” दुसरी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. पठण चालवणाऱ्या हज्जाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली, ते मला जास्त लागलं.

सरमी दाराशी बसली होती. चाळिसाव्यानंतर ती यायला लागली आहे, कुणी तिच्याशी बोलत नाही तरी येते. तिला तो वास कसला ते पहिल्या क्षणाला कळलं असणार. ती म्हणाली, “माझ्याकडून सांडलं तिच्या अंगावर. मघाशी. माझ्या पिशवीत होतं. इद्दत तिची आहे, माझी नाही ना? मग झालं तर.”

सगळ्या गेल्यावर ती भांडी घासायला थांबली.

“तुम्ही स्वतःच ओढताय?” ती म्हणाली. “मला वाटलं कबरीवर ठेवायला घेतलंत. लोक ठेवतात, त्यात काही नाही. म्हणून मी विचारलं नाही.”

तिला सगळं सांगितलं. हे कळणारी तू पहिली नाहीस, दुसरी आहेस. ऐकून झाल्यावर तिनं पातेलं उपडं घातलं आणि म्हणाली, “ताई, मी व्हेप विकते म्हणून तुम्ही सगळ्यांनी वर्षभर मला पाणी विचारलं नाहीत. ते ठीक. पण मी कुणाच्या पोरीचं पार्सल बुडवलं नाही.”

मग म्हणाली, “लिहा तिला. मी टाकते पोस्टात. तुमच्यावर सोडलं तर तेही कालव्यात जाईल.”

तीच हे पत्र टाकणार आहे. शंभराव्याला ये असं म्हणायचा अधिकार मला राहिलेला नाही. पण बाबा तुझे आहेत. माझ्यासाठी त्यांचा दिवस चुकवू नकोस. आलीस तर मी तुझ्यासमोर येणार नाही. 

तुझी चिठ्ठी सोबत पाठवते आहे. वाचून वाचून घडीवर फाटली आहे.

कस्मिनी


कुडुस, २९ सप्टेंबर

वेनिंग,

तू आलीस. मला वाटलं नव्हतं.

आल्या आल्या सरळ स्वयंपाकघरात गेलीस आणि सरमीच्या शेजारी बसून नारळ खवायला घेतलास. मी ठरवल्याप्रमाणे पुढच्या खोलीत राहिले. पुरुषांसाठी पेल्यांतून सिगारेटी मांडायची रीत आहे. यंदा मांडू नये असं मला वाटत होतं, पण तुझ्या काकांनी मांडल्या. फोटोसमोरचा पेला तू उचलून आत नेलास, ते मी पाहिलं. काकांनीही पाहिलं.

कबरीवरून परत आलीस आणि बसची वेळ झाली म्हणून निघालीस. मी पायरीपर्यंत आले. तू चपला घालत होतीस. मान वर न करता तू विचारलंस, “पाठवतेय असं मी बाबांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही का, आलं का म्हणून?”

मी म्हणाले, “विचारलं. एकदा.”

तू मान हलवलीस आणि गेलीस.

एकदा नाही. सगळं लिहून झालं असं समजून मी निर्धास्त बसले होते, आणि तू समोर उभी असताना पुन्हा खोटं बोलले. आता यापुढे काही उरलेलं नाही. एवढं वाच.

ते रोज विचारायचे. शेतावरून आले, पाय धुतले की ओसरीतून विचारायचे, “काही आलं का गं?” मी म्हणायचे, नाही. बारा दिवस. पहिले काही दिवस ते हसून विचारायचे. “पोरगी बापाला सुधारणार आहे म्हणे,” असं शेजारच्यांनाही सांगून झालं होतं. नंतर नुसतं माझ्याकडे पाहायचे आणि मी मान हलवायचे. त्याच दिवसांत तुझा फोन आला आणि मी तुला ते कालव्याचं सांगितलं. म्हणजे एका बाजूला तुला सांगितलं की त्यांनी फेकलं, आणि दुसऱ्या बाजूला त्यांना सांगितलं की तू पाठवलंच नाहीस.

तेराव्या दिवशी ते सायकल घेऊन पार्सल कचेरीत गेले. मला सांगितलं नव्हतं. दुपारी आले. घामानं सदरा भिजला होता. पाणी दिलं ते प्यायले. म्हणाले, “पार्सल कधीच पोचलंय म्हणतात. आपल्या घरी. सही आहे.”

मी म्हणाले, “दुसऱ्या कुणाच्या घरी दिलं असेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “असेल,” म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी तुला फोन लावला होता. तू उचलला नाहीस, माझ्यामुळेच. पुढे ईदेला बोलायचात तेव्हा मी शेजारी बसलेली असायचे, म्हणून त्यांनी तब्येतीपलीकडे काही विचारलं नाही. त्यांनी मला तुझ्यासमोर उघडं पाडलं नाही. मलाही काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारा वळून ठेवल्या, त्या तशाच राहिल्या. ते कोपऱ्यावर जाऊन पाकीट घेऊन आले. त्यानंतर शेवटपर्यंत पाकीटच. 

हे तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी काय केलं ते त्यांना कळलं होतं हे तुला कळू नये, एवढ्यासाठीच पायरीवर ‘एकदा’ म्हणाले. पण तू वळून गेलीस तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू उलटंच समजून गेलीस. लेकीनं शब्द दिला आणि विसरली, असंच बाबांना मरेपर्यंत वाटत राहिलं, असं धरून तू बसमध्ये बसली असशील.

त्या दुपारी ‘असेल’ म्हणाल्यावर ते उठले. पेला जागेवर ठेवला. माझ्याकडे पाठ होती. सायकल आत घ्यायला जाताना स्वतःशीच म्हणाले, पण मला ऐकू आलं. म्हणाले, “म्हणजे पोरीनं पाठवलं होतं.”

दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते खूश होते, वेनिंग.

कस्मिनी